पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड असू द्या, दवाखान्यात डिपॉझिट भरायच्या आधी हे वाचा

मी सिन्नरकडची. आमच्या भागात कुणाचं आयुष्मान कार्ड काढायचं असलं, रेशनकार्डात नाव घालायचं असलं की माझ्याकडे येतात, मी काही कुठली अधिकारी नाही, पण चार वर्षांपूर्वी मामांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा जी धावाधाव झाली त्यात हे सगळं शिकले आणि तेव्हापासून जमेल तसं लोकांना करून देते. तेच इथं सविस्तर लिहितेय कारण रोज तेच तेच प्रश्न येतात आणि रोज कुणीतरी दागिने गहाण ठेवून दवाखान्यात पैसे भरून मोकळं झालेलं असतं, जेव्हा त्यांचा हक्काचा मोफत उपचार त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर मिळत होता.

आधी योजना कोणती ते बघू, कारण नावांचा फार गोंधळ आहे. म्हातारी माणसं अजून "जीवनदायी" म्हणतात, ते बरोबरच आहे, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी ८ जिल्ह्यांत आली, २०१३ ला सगळ्या महाराष्ट्रात झाली आणि २०१७ पासून तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. ही राज्य सरकारची. २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, तिलाच लोक "५ लाखाचं कार्ड" म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालवतात. त्यामुळे "मला आयुष्मान लागू आहे का फुले योजना" या प्रश्नात तुम्ही डोकं घालू नका, ते दवाखान्यात कॉम्प्युटरवर कळतं, तुमच्यासाठी कागद तेच, खिडकी तीच, माणूस तोच.

पूर्वी फुले योजनेत वर्षाला दीड लाख मिळायचे, आता दोन्हीकडे कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार आहे. कुटुंबाला मिळून म्हणजे घरात एकालाच सगळे लागले तरी चालतं, चौघांना थोडे थोडे लागले तरी चालतं. आणि हे पैसे हातात किंवा खात्यात मिळत नाहीत, हे नीट लक्षात घ्या, दवाखाना उपचार करतो आणि पैसे परस्पर दवाखान्याला जातात. बरेच जण आधी कुठल्यातरी दवाखान्यात लाखभर रुपये भरून येतात आणि मग मला बिलं दाखवून विचारतात ताई हे परत मिळतील का. नाही मिळत. योजनेत नसलेल्या दवाखान्यात भरलेलं बिल नंतर दाखवून परत मिळायची सोयच यात नाही. म्हणून जे करायचं ते आधी.

कुणाला मिळतं? आधी पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा एवढ्यांनाच होतं, आणि मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून जे १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे आहेत तिथल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांना पण आत घेतलं. म्हणजे "आमचं पांढरं आहे, आम्हाला काय मिळणार" असं म्हणून घरी बसू नका. सीमाभागातल्या, म्हणजे बेळगाव, कारवार, कलबुर्गी, बिदरकडच्या ८६५ मराठी गावांतल्या लोकांना पण फुले योजना लागू केलेली आहे, तिकडचं कुणी नात्यात असेल तर त्यांना जरूर सांगा, त्यांना बऱ्याचदा हे माहीतच नसतं.

आणि ज्यांच्या घरी ७० वर्षांच्या पुढचं कुणी आहे त्यांच्यासाठी वेगळं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालंय, त्याला उत्पन्न बघत नाहीत, रेशनकार्डचा रंग बघत नाहीत, आधारवर वय ७० भरलं की झालं. घरचं आधीच आयुष्मान कार्ड असेल तर या म्हाताऱ्या माणसांसाठी वरचे वेगळे ५ लाख मिळतात, ते घरातल्या बाकीच्यांनी वापरायचे नाहीत. फक्त केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना ज्यांना आहे त्यांनी दोन्हीपैकी एक निवडायचं असतं. प्रायव्हेट पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं.

आता खरं काम. मी आधी मामांचं सांगते मग तुम्हाला कळेल मी कागदांवर एवढी का अडून बसते.

मार्च महिना होता, सकाळी सातला मावसभावाचा फोन, मामांना घाम फुटलाय आणि डावा हात दुखतोय. ग्रामीण रुग्णालयात कार्डिओग्राम काढला, डॉक्टर म्हणाले नाशिकला न्या, लगेच. नाशिकमधल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, मी पोचेपर्यंत काउंटरवर ५० हजार डिपॉझिट मागितलं होतं आणि मावसभावाने खिशातले आणि मित्राकडचे मिळून २० हजार भरून पण टाकले होते. मामी बाकावर बसलेली, गळ्यातली पोत काढून रुमालात बांधून हातात धरलेली, म्हणजे आता ही मोडायची एवढंच तिच्या डोक्यात. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं इथं फुले योजना आहे का, ती म्हणाली मला माहिती नाही मागे विचारा. मागे म्हणजे लिफ्टच्या पलीकडे, मेडिकलच्या शेजारी एक छोटं टेबल, वर योजनेचा बोर्ड, आणि तिथं आरोग्यमित्र बसलेला, म्हणजे योजनेच्या पेशंटचं काम बघायला दवाखान्यात बसवलेला माणूस. तोच आरोग्यमित्र जो आत शिरल्या शिरल्या दारात दिसायला पाहिजे.

त्याने पहिला प्रश्न विचारला, रेशनकार्ड? रेशनकार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. भाच्याला गाडीवर पिटाळलं. तोवर त्याने तातडीची केस म्हणून फोनवरून मंजुरीसाठी कळवलं, डॉक्टरांशी बोलला, आणि मामांना आत घेतलं. हे त्याचं मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हणजे इथं एक गोष्ट गाठीला बांधा, हार्ट अटॅक, अपघात अशी तातडीची केस असेल तर कागद हातात नाहीत म्हणून उपचार थांबत नाही, आरोग्यमित्र आधी फोनवरून कळवतो आणि कागद नंतर दिलेल्या मुदतीत द्यायचे असतात. पण ती मुदत पाळावी लागते आणि तिथंच आमची गाडी अडकली.

रेशनकार्ड आलं. जुनं, कडा फाटलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं, आत निळ्या शाईने हाताने लिहिलेली नावं. मामांचं नाव आणि वडिलांचं नाव होतं, आडनाव नव्हतंच. आधारवर आडनाव होतं पण जन्मसाल भलतंच, कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी टाकलेलं. आणि ऑनलाइन शोधलं तर रेशनकार्डाला मामीचं आधार जोडलेलं, मामांचं जोडलेलंच नाही. सगळं घर १५ वर्षं त्या कार्डावर धान्य आणतंय आणि ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याचंच आधार त्यात नाही. तहसीलला जाऊन पुरवठा शाखेत उभं राहून, हातापाया पडून, ते दीड दिवसात झालं. मामा आयसीयूत आणि मी तहसीलमध्ये टोकन घेऊन. हे आधी केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

म्हणून सगळ्यात आधी, आज घरात कुणी आजारी नसताना, हे बघा. रेशनकार्ड काढा आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार शेजारी ठेवा आणि एक एक नाव मिळवून बघा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डात आहे का (तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून आणावं लागतं, ते राहून गेलेलं असतं आणि मग बाळंतपणात किंवा आजारपणात कळतं), लेकरांची नावं आहेत का, वारलेल्या माणसांची नावं काढली आहेत का. कार्डावर किंवा रेशन दुकानदाराकडे १२ आकडी ऑनलाइन नंबर असतो तो विचारून कार्डाच्या मागे पेनने लिहून ठेवा, तो पुढं सगळीकडे लागतो. तो नंबरच नसेल तर कार्ड ऑनलाइन झालेलं नाही असं समजा आणि सरळ तहसीलच्या पुरवठा शाखेत जा, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात.

नाव चुकलं असेल तर आधी आधार दुरुस्त करायचं का रेशनकार्ड? माझा अनुभव असा की आधी आधार नीट करा, आधार केंद्रावर, मग त्या आधारप्रमाणे रेशनकार्ड करून घ्या. उलटं केलं तर दोनदा फेऱ्या होतात. आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असलाच पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. आमच्याकडे निम्म्या लोकांचा जुना नंबर आधारला जोडलेला असतो, जो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे गेलाय.

तान्ह्या बाळाचं नाव कार्डात नसेल तर घाबरू नका, जन्माचा दाखला, आईवडिलांपैकी एकाबरोबर बाळाचा फोटो आणि आईवडिलांचं रेशनकार्ड यावर काम होतं. बाळ काचेत ठेवायची वेळ आली तर आईबाप घाबरून जातात आणि हे कुणी सांगतच नाही.

आता कार्ड काढायचं. आयुष्मान कार्ड काढायला फॉर्म भरून महिनाभर वाट बघा असं काही नाही. तीन रस्ते आहेत. एक, मोबाइलवर आयुष्मान ॲप टाकून स्वतः. दोन, जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर. तीन, गावातल्या आशाताईला विचारा, त्यांच्याकडे पण कार्ड काढून मिळतं, आणि योजनेत असलेल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र पण काढून देतो. कार्ड मोफत आहे. कुणी ३००-५०० रुपये मागत असेल तर देऊ नका, प्रिंट आणि लॅमिनेशनचे काय १०-२० होतील ते वेगळं.

ॲपवर करायचं असेल तर असं. ॲप उघडलं की लाभार्थी म्हणून लॉगिन करा, मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल तो टाका. मग योजना, राज्य महाराष्ट्र, जिल्हा निवडायचा आणि आधार नंबरने किंवा फॅमिली आयडीने शोधायचं. आपल्याकडे फॅमिली आयडी म्हणजे तोच रेशनकार्डाचा १२ आकडी नंबर, म्हणून तो लिहून ठेवा म्हटलं. शोधलं की घरातल्या सगळ्यांची यादी खाली येते. ज्याचं कार्ड निघालंय त्याच्यापुढं डाउनलोडचं चिन्ह दिसतं, ज्याचं नाही त्याचं ई-केवायसी करायचं, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची. ई-केवायसी आधार ओटीपीने होतं, बोटाच्या ठशाने होतं, डोळ्याने होतं आणि चेहऱ्याने पण होतं. मग एक लाइव्ह फोटो काढतात, मोबाइल नंबर, नातं, पत्ता भरायचा आणि सबमिट. आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव चांगलं जुळलं तर लगेच मंजूर होऊन कार्ड डाउनलोड होतं, जुळलं नाही तर वरच्या तपासणीला जातं आणि तिथं दिवस लागतात. बघा, परत तेच, नावं जुळवा.

ठशाचं एक सांगते. मामी आयुष्यभर बिड्या वळते. तिच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर रेघाच राहिल्या नाहीत, काचेवर बोट ठेवलं की मशीन लाल. सेंटरवाल्याने चार वेळा बोट पुसून, तेल लावून, पाणी लावून बघितलं आणि शेवटी म्हणाला काकू तुमचं होत नाही, पुढच्या महिन्यात या. मामी घरी आली आणि म्हणाली माझे हात खराब आहेत म्हणून सरकार मला कार्ड देत नाही. मला इतकं वाईट वाटलं ते ऐकून. मी तिला अंगणात उजेडात बसवून चेहऱ्याने केवायसी केलं, आधारचं फेस वालं ॲप मोबाइलमध्ये टाकलं, तिला फक्त डोळे मिचकवायला सांगितलं, दोन मिनिटात झालं. त्यामुळे वीटभट्टीवर काम करणारे, भांडी घासणाऱ्या बायका, शेतात कांदा काढणारे, कुणाचे ठसे येत नसतील तर "होत नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका, चेहऱ्याने किंवा डोळ्याने करा म्हणून सांगा. आणि फोटोला उजेड समोरून पाहिजे, पाठीमागून ऊन नको.

यादीत घर सापडतंय पण एखाद्याचं नाव नाही, तर ॲपमध्येच सदस्य वाढवायची सोय आहे, घरच्या दुसऱ्याच्या कार्डाच्या आधारावर. घरच सापडलं नाही तर निराश होऊ नका, कार्ड नसलं तरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन फुले योजनेतून उपचार मिळतो, आरोग्यमित्राकडे नोंद होते. कार्ड हे सोयीचं आहे, वेळ वाचतो, पण "कार्ड नाही म्हणजे काहीच नाही" हा समज चुकीचा आहे.

दवाखाना कुठला? योजनेत जे दवाखाने आहेत तिथंच हे चालतं, सरकारी पण आहेत आणि खासगी पण. जिल्ह्याप्रमाणे यादी जीवनदायी डॉट गव्ह डॉट इन वर आहे, किंवा १५५३८८ ला फोन करा, किंवा १८००२३३२२०० ला, दोन्ही टोल फ्री. आयुष्मानचा १४५५५. फोन केलात तर नुसतं "हा दवाखाना योजनेत आहे का" एवढंच विचारू नका, "हा आजार त्या दवाखान्यात योजनेतून होतो का" हे विचारा. कारण एकच दवाखाना हृदयासाठी योजनेत असतो आणि हाडासाठी नसतो असं होतं, शिवाय काही ऑपरेशन फक्त सरकारी दवाखान्यासाठीच राखीव ठेवलेली आहेत. आमच्या शेजारच्या काकांना हे न विचारल्यामुळे दोन दवाखाने फिरावे लागले, गुडघा घेऊन, रिक्षाने.

काय काय होतं यात? हृदयाची अँजिओप्लास्टी, बायपास, कॅन्सरची केमो आणि रेडिएशन, डायलिसिस, मेंदूची ऑपरेशनं, अपघातातली हाडं, भाजलेले, लहान मुलांचे जन्मजात दोष, नवजात बाळांचे आजार, किडनी बदलायची असेल तर त्याला २०२३ च्या निर्णयाप्रमाणे साडेचार लाखांपर्यंत. २०२३ च्या निर्णयात मिळून १३५६ उपचार होते आणि यादी नंतर पण बदलत राहते. आधीपासून असलेला आजार असला तरी चालतं, प्रायव्हेट विम्यासारखं दोन वर्षं थांबा असं इथं नाही. घरात किती माणसं, किती वयाची, त्याला पण मर्यादा नाही. पण ओपीडी यात नाही, सर्दी तापाला डॉक्टरकडे गेलात, गोळ्या घेतल्या, त्याचे पैसे यातून होत नाहीत. ॲडमिट होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांसाठी हे आहे.

आता दवाखान्यात गेल्यावर. आत शिरलात की कॅशियरकडे नाही, आधी आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारा. वॉचमनला विचारा, त्याला माहीत असतं. टेबलावर कुणी नसेल तर थांबा, फोन नंबर लिहिलेला असतो तिथं, नसेल तर १५५३८८ ला तिथूनच फोन लावा. त्याला रेशनकार्ड, पेशंटचं आधार, आयुष्मान कार्ड असेल तर ते, आधी कुठं दाखवलं असेल तिथले रिपोर्ट आणि चिठ्ठी द्या. अपघात असेल तर पोलिसांचे कागद पण लागतात. तो नोंद करतो, मग डॉक्टर तपासतात, कुठला उपचार लागतो ते ठरतं आणि दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो. तातडी नसेल तर मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं, या मधल्या वेळात कुणी म्हणालं "मंजुरीला वेळ लागेल, पैसे भरा उद्याच करून टाकू" तर घाई करू नका, डॉक्टरांना सरळ विचारा की थांबलं तर जिवाला धोका आहे का. धोका असेल तर ती तातडीची केस झाली, मग फोनवरून मंजुरी घेता येते. धोका नसेल तर दोन दिवस थांबायला काय हरकत आहे.

मंजुरी मिळाली की त्यात काय काय येतं ते पाठ करून ठेवा. जनरल वॉर्डातला बेड, नर्सिंग, सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, आयसीयू, ऑक्सिजन, औषधं, स्टेंट किंवा प्लेट सारखं जे शरीरात बसवतात ते, एक्स-रे, तपासण्या, पेशंटचं जेवण, आणि घरी जाताना एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं. हो, घरी जायचं भाडं पण. बहुतेकांना हे माहीत नसतं म्हणून कुणी मागत नाही. सोबतच्या माणसाचं जेवण मात्र यात नाही. सेमी स्पेशल रूम पाहिजे असेल तर योजना लागत नाही, जनरलमध्येच राहायचं.

म्हणजे मंजुरी झाल्यावर "हे औषध बाहेरून आणा", "हा स्टेंट चांगला आहे, वरचे पैसे द्या" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. भांडू नका, आवाज चढवू नका, आत आपलं माणूस आहे, पण शांतपणे म्हणा की चिठ्ठीवर लिहून द्या आणि दवाखान्याचा शिक्का मारा, मी आरोग्यमित्राला विचारून आणतो. लिहून द्या म्हटलं की निम्म्या वेळा विषय तिथंच संपतो. आणि जे पैसे भराल त्याची पावती घ्या, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

मामांचे ते २० हजार पावती होती म्हणूनच परत मिळाले. दवाखाना आधी म्हणाला ते डिपॉझिट तपासण्यांमध्ये गेलं. मी हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, तक्रार नंबर वहीत लिहून घेतला, मग आरोग्यमित्राने योजनेच्या जिल्हा समन्वयकांचा नंबर दिला, त्यांना पावतीचा फोटो पाठवला. तीन वेळा फोन करावा लागला. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी काउंटरवर बोलावून पैसे परत दिले. त्याच्या पुढची पायरी पण आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची तक्रार समिती असते, आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही. पण लेखी अर्ज, पावतीची झेरॉक्स आणि तक्रार नंबर एवढं असलं की कुठंही जाता येतं.

डिस्चार्जच्या वेळी बऱ्याच कागदांवर सह्या घेतात. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. किती रकमेचा उपचार झाला ते विचारा, कारण तेवढे तुमच्या ५ लाखांतून कमी होतात, उरलेले किती ते पुढच्या आजारपणाला माहीत पाहिजेत. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी सगळं मागून घ्या. परत दाखवायला कधी यायचं आणि तेव्हाची औषधं योजनेतून मिळतात का तेही तेव्हाच विचारा, घरी गेल्यावर फोनवर कुणी सांगत नाही.

एवढं करून पण एखाद्याचा आजार यादीत बसत नाही किंवा खर्च ५ लाखांच्या वर जातो, तेव्हा काय? तेव्हा दोन दारं आहेत. एक म्हणजे धर्मादाय दवाखाने. महाराष्ट्रात ट्रस्टचे जे मोठे दवाखाने आहेत त्यांना कायद्याने १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात, निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तोही दरवर्षी काढून ठेवा, शाळेला पण लागतोच. दवाखान्यातल्या समाजसेवकाला, म्हणजे सोशल वर्करला भेटून "धर्मादाय योजनेतून" असं स्पष्ट म्हणायचं. दुसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं, त्यात दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार लावून अर्ज करायचा, पण तो उपचार चालू असतानाच करायचा, बिल भरून घरी आल्यावर नाही.

माझ्या मामांच्या घरात आता दाराच्या मागे खिळ्याला एक प्लास्टिकची फाइल लटकवलेली आहे. आत रेशनकार्डाच्या चार झेरॉक्स, सगळ्यांची आधार, सगळ्यांची आयुष्मान कार्डं, उत्पन्नाचा दाखला, मामांचे जुने रिपोर्ट आणि वरच्या कागदावर स्केचपेनने मोठ्या आकड्यात १५५३८८. मामीला वाचता येत नाही पण तो नंबर ती ओळखते, आणि मागच्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला साप चावला तेव्हा तीच फाइल घेऊन पुढं गाडीत बसली, त्यांची नाही, आपली, घाईत. नंबर मात्र तिने बरोबर दाखवला आणि त्यांचं रेशनकार्ड मागून मोटरसायकलवर आलं.

तुमच्या घरचं नाव जुळत नसेल, १२ आकडी नंबर सापडत नसेल किंवा कुठल्या पायरीवर अडलं असेल तर कुठल्या जिल्ह्यातून आहात आणि स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय ते सांगा. आधार नंबर किंवा कार्डाचा फोटो मात्र उघड्यावर कुठंच टाकू नका, मलाही पाठवू नका, नुसता अडथळा सांगितला तरी पुढं कुठं जायचं ते मी सांगेन.